दोनशे पावलांची वाट

मुंबईचा नकाशा उघडून पाहिला, तर पश्चिम रेल्वेचे माहीम आणि मध्य रेल्वेचे शीव या दोन स्थानकांच्या मध्ये एक लहानसा भाग दिसतो. तीच धारावी. तिचे क्षेत्रफळ अडीच चौरस किलोमीटरही भरत नाही. परंतु तेवढ्या जागेत लक्षावधी माणसे राहतात, आणि नुसती राहत नाहीत, तर अहोरात्र कष्ट करतात. सौराष्ट्रातून आलेल्या कुंभारांची चाके येथे पिढ्यान्‌पिढ्या फिरत आली. चामड्याच्या पिशव्या येथे शिवल्या जातात, आणि शहराने टाकून दिलेले प्लॅस्टिक निवडून पुन्हा कामास लावले जाते. धारावीच्या उद्योगशीलतेविषयी पुष्कळांनी लिहिले आहे. आपण मात्र आज तेथील एका गल्लीकडे आणि त्या गल्लीतून शाळेला जाणाऱ्या एका वाटेकडे पाहणार आहोत.

अशा एका गल्लीत तुमच्याच वयाची एक मुलगी राहते, अशी कल्पना करा. जन्माच्या वेळी तिच्या मेंदूला पुरेसा प्राणवायू मिळाला नाही, आणि त्यामुळे तिच्या पायांचे स्नायू तिची आज्ञा पाळीत नाहीत. या अवस्थेस सेरेब्रल पाल्सी म्हणतात. बुद्धीने ती तुमच्यासारखीच आहे. गणितात तर कदाचित तुमच्यापैकी काहींच्या पुढेच असेल. शाळा तिच्या घरापासून अवघ्या दोनशे पावलांवर आहे. तिचा धाकटा भाऊ पहिली घंटा ऐकून घरातून निघतो आणि प्रार्थनेला वेळेवर उभा राहतो. ती मात्र शाळेत पोहोचत नाही. असे का व्हावे? चला, आपण तिच्याबरोबर निघून पाहू.

तिचे बिऱ्हाड पोटमाळ्यावर आहे. खाली दुसरे कुटुंब राहते, आणि वर चढण्यास बाहेरून एक उभी लोखंडी शिडी लावलेली आहे. जागा थोडी, म्हणून शिडी उभी. भावाच्या दृष्टीने तो रोजचा खेळ, पण बहिणीच्या दृष्टीने ती भिंतच होय. वडील पहाटे कामावर जाण्यापूर्वी तिला पाठुंगळी घेऊन खाली उतरवतात. ती खाली आली की गल्ली सुरू होते. गल्लीची रुंदी अडीच फूट, आणि चाकांच्या खुर्चीची रुंदी सुमारे दोन ते सव्वादोन फूट. कागदावर खुर्ची मावली! परंतु चाके हातांनी फिरवावयाची, तर दोन्ही बाजूंस कोपरे बाहेर येतात. त्यांना जागा कोठून आणावी? शिवाय गल्ली कधी मोकळी नसते. नळाला पाणी ठरावीक वेळीच येते, म्हणून प्रत्येक दारापुढे निळा पिंप भरून ठेवलेला असतो. एखादी सायकल भिंतीला टेकलेली असते. मधून गटार वाहते. त्यावर फरश्या घातल्या आहेत, आणि त्यांतील एक फुटलेली आहे. चालणारा माणूस ती फट नकळत ओलांडतो. खुर्चीचे पुढचे लहान चाक मात्र नेमके तेथेच अडकते.

एवढे करून शाळेच्या दाराशी यावे, तर तेथे तीन पायऱ्या. तीन पायऱ्या म्हणजे काय मोठेसे, असे तुम्हास वाटेल. आपण थोडे गणित करू. एक पायरी सहा इंच उंच धरली, तर तिन्ही मिळून दीड फूट चढ झाला. चाकांच्या खुर्चीला स्वतःच्या बळावर चढता यावे, म्हणून उतार बांधताना एक फूट उंचीस निदान बारा फूट लांबी ठेवावी, असा नियम आहे. म्हणजे दीड फूट चढण्यास अठरा फूट लांबीचा उतार हवा. पुष्कळ ठिकाणी घाईघाईने सहा-सात फुटांचा उतार बांधतात, आणि काम झाले म्हणून मोकळे होतात. अशा उतारावरून खुर्ची चढत तर नाहीच, उलट उतरताना हातातून निसटते. तुमच्या शाळेत उतार असेल, तर मोजपट्टी घेऊन त्याची उंची व लांबी अवश्य मोजा. उत्तर काय येते ते पाहून तुम्हीच ठरवा, की तो चढण्यासाठी बांधला आहे की दाखवण्यासाठी.

आता विचार करा. या मुलीला शाळेत जाऊ न देणारी गोष्ट कोणती? तिचे पाय, असे आपण चटकन म्हणतो. पण पाय तर कुलाब्याच्या रुंद पदपथावरही तेच राहिले असते! उभी शिडी, फुटकी फरशी, पिंपांनी भरलेली वाट आणि तीन पायऱ्या या चार गोष्टी बाजूला काढल्या, तर तेच पाय असूनही ती शाळेत पोहोचते. म्हणजे अडचणीचा काही भाग तिच्या शरीरात आहे, आणि बराचसा भाग आपण उभारलेल्या गावात आहे. शरीरातील भाग वैद्य पाहतील. गावातील भाग कोणी पाहावयाचा?

हा विचार जगात फार जुना नाही. पूर्वी आपल्याकडे आंधळा, पांगळा, मुका असे शब्द माणसाचे नाव असल्यासारखे बोलले जात. पुढे 'अपंग' हा शब्द रूढ झाला, आणि गेल्या काही वर्षांत शासनाने 'दिव्यांग' हा शब्द स्वीकारला. त्या शब्दाविषयी खुद्द त्या व्यक्तींमध्येही दोन मते आहेत, काहींना तो आदराचा वाटतो, तर काही म्हणतात, "आम्हाला दिव्य नको, दारापर्यंत वाट द्या." शब्दांपेक्षा कायदा अधिक बदलला आहे. १९९५ साली आपल्या संसदेने अपंग व्यक्तींच्या हक्कांचा पहिला व्यापक कायदा केला. त्यात सात प्रकारच्या अपंगत्वांची नोंद होती. २०१६ साली नवा कायदा झाला, आणि ही संख्या एकवीस झाली. ज्या मुलाचे अपंगत्व चाळीस टक्के किंवा त्याहून अधिक ठरले आहे, त्याला सहा ते अठरा वर्षे वयापर्यंत घराजवळच्या शाळेत, अथवा त्याची इच्छा असल्यास विशेष शाळेत, विनामूल्य शिकण्याचा हक्क या कायद्याने दिला. त्याआधी २००९ च्या शिक्षणहक्क कायद्यानेही शाळेच्या इमारतीत अडथळ्याविना जाता आले पाहिजे, असे सांगितले होते.

मग हक्क असून मुलगी घरी का? कारण कायद्याच्या पुस्तकातून गल्लीपर्यंत येण्याची वाटही सोपी नाही. अपंगत्वाचा दाखला काढावा लागतो. त्याचा अर्ज आता संगणकावरून करता येतो. तथापि तपासणीसाठी रुग्णालयात जावेच लागते. वडील रोजंदारीवर काम करतात. एक दिवस रजा म्हणजे एका दिवसाची मजुरी बुडाली. आई धुणीभांडी करते. दोन घरी खाडा झाला, तर काम सुटण्याचे भय. मुलीला उचलून बसमध्ये चढवणे कठीण, म्हणून टॅक्सी करावी लागते. रुग्णालयात गेल्यावर, "आज डॉक्टर नाहीत, पुढच्या बुधवारी या," असे ऐकावे लागले, तर हा सगळा खर्च पुन्हा. सुखवस्तू घरात ज्याला नुसता हेलपाटा म्हणतात, तो गरिबाच्या घरी चुलीपर्यंत जाऊन पोहोचतो. दारिद्र्य आणि अपंगत्व यांची अशी सोबत असते. दारिद्र्यामुळे आईला गरोदरपणी पुरेसे अन्न मिळत नाही, बाळंतपणी वेळेवर उपचार मिळत नाहीत, असुरक्षित यंत्रावर काम करताना बोटे जातात. आणि अपंगत्व आले, की औषधांपायी आणि बुडालेल्या मजुरीपायी दारिद्र्य वाढते.

अशी माणसे किती आहेत? २०११ च्या जनगणनेत भारतात सुमारे २ कोटी ६८ लक्ष अपंग व्यक्तींची नोंद झाली. त्यांपैकी सुमारे ८२ लक्ष शहरांत राहत होत्या. महाराष्ट्रातील संख्या २९ लक्षांहून अधिक होती. लोकसंख्येशी ताडून पाहता देशातील हे प्रमाण शंभरात दोनांहून किंचित अधिक पडते. परंतु जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ साली सबंध जगाचा जो अंदाज दिला, तो शंभरात सोळा इतका आहे. एवढा फरक कसा? आपला देश इतका निरोगी आहे म्हणून नव्हे. मोजणीचे उत्तर प्रश्नावर अवलंबून असते. "घरात कोणी अपंग आहे काय?" असे विचारले, तर लोक संकोचतात, बहिणीच्या लग्नाचा विचार करून भावाचे नाव लपवतात, म्हातारपणी दिसेनासे झालेल्या आजीला कोणी अपंग समजतच नाही. "चालताना, पाहताना, ऐकताना कोणाला त्रास होतो काय?" असे विचारले, की आकडा वाढतो.

लपलेले मूल शोधता येते, हे मात्र आपल्या देशाने एकदा सिद्ध करून दाखवले आहे. पोलिओचा विषाणू दूषित पाण्यातून व अस्वच्छतेतून पसरतो, म्हणून दाट वस्तीतील मुलांना त्याचे भय सर्वाधिक. त्याने किती मुलांचे पाय लुळे केले, हे तुमच्या आजोबांना विचारा. त्या रोगाविरुद्ध लस देणारे कार्यकर्ते गल्लोगल्ली फिरले, शिड्या चढून पोटमाळ्यांवर गेले. थेंब पाजलेल्या बालकाच्या डाव्या करंगळीला ते शाईची खूण करीत, आणि घराच्या दारावर खडूने निशाणी लिहीत. कोणते घर झाले, कोठे पुन्हा यावयाचे, हे त्यावरून कळे. १३ जानेवारी २०११ रोजी भारतातील नैसर्गिक पोलिओचा शेवटचा रुग्ण आढळला, आणि २७ मार्च २०१४ रोजी आपला भाग पोलिओमुक्त झाल्याचे प्रमाणपत्र मिळाले. दोन थेंब पाजण्यासाठी जी शिडी चढता आली, ती शाळेत नाव घालण्यासाठी चढता येणार नाही, असे कसे म्हणावे?

आणि ती चढणारी माणसे मुंबईत निघालीही. १९६६ साली जन्मलेल्या मालिनी चिब यांना सेरेब्रल पाल्सी होती. त्यांच्या मातोश्री मिठू अलूर यांना येथील डॉक्टरांकडून आशा मिळाली नाही. पुढे इंग्लंडमध्ये त्यांना असे दिसून आले, की मुलीची बुद्धी उत्तम आहे, आणि योग्य शिक्षण मिळाल्यास ती पुष्कळ शिकू शकेल. भारतात परतल्यावर अशा मुलांसाठी शाळाच नाही, हे पाहून त्यांनी १९७२ साली मुंबईत स्पास्टिक्स सोसायटी ऑफ इंडिया ही संस्था स्थापन केली. मालिनी पुढे महाविद्यालयीन पदवीधर झाल्या, आणि लंडनमध्येही शिकल्या. त्यांनी आपले आत्मचरित्र एका बोटाने टंकलिखित केले. पुस्तकाचे नावही त्यावरूनच 'वन लिटल फिंगर' असे ठेवले आहे.

येथे एक प्रश्न तुमच्या मनात आला असेल, आणि तो यावयास हवा. इंग्लंडला जाणे ज्यांना शक्य होते, त्यांच्या मुलीचे ठीक झाले. धारावीच्या मुलीचे काय? मिठू अलूर यांनाही हा प्रश्न चुकला नाही. चांगली शाळा शहराच्या दूरच्या टोकाला असून भागत नाही. वस्तीतून तेथवर मूल रोज आणणार कोण? म्हणून त्यांच्या संस्थेने पुढे धारावीतच केंद्र काढले. वस्तीत काम करावयाचे, तर त्याची रीतही वेगळी. व्यायाम शिकवणारे तज्ज्ञ थोडे आणि मुले पुष्कळ. तेव्हा रोज लागणारे साधे व्यायाम मुलांच्या आयांना आणि वस्तीतल्याच बायकांना शिकवावे, हा मार्ग अशा कामांत जगभर उपयोगी पडला आहे. मुलाला मांडीवर कसे घ्यावे, घास भरवताना मान कशी धरावी, ताठरलेला पाय कसा सैल करावा, या गोष्टी शेजारीण शेजारणीस शिकवू शकते. आणखी एक गोष्ट कालांतराने या क्षेत्रातील पुष्कळ लोकांच्या लक्षात आली. अपंग मुलांची शाळा वेगळी ठेवली, तर ती मुले शिकतात खरी, पण गल्लीतील इतर मुलांना त्यांची ओळख होत नाही. म्हणून अंगणवाडीपासूनच सर्वांनी एकत्र बसावे. चार वर्षांच्या मुलाला शेजारी न चालणारा मित्र बसला, तर त्यात काही विशेष वाटत नाही. विशेष वाटते ते पहिल्यांदा वीस वर्षांचे झाल्यावर भेटणाऱ्याला.

वस्तीतील जीवन ध्यानात घेऊन वस्तू घडवली, म्हणजे काय होते, याचे एक सुंदर उदाहरण जयपूरचे आहे. पूर्वी आपल्याकडे मिळणारे कृत्रिम पाय परदेशी पद्धतीचे होते. ते बुटासाठी घडवलेले असत. त्यांवर उकिडवे बसता येत नसे, मांडी घालता येत नसे, पाण्याचिखलात अनवाणी चालता येत नसे. खुर्चीवर बसणाऱ्या, बूट घालणाऱ्या माणसाला ते ठीक. पण आपल्याकडे चुलीपुढे बसावयाचे तर जमिनीवर, जेवावयाचे तर मांडी घालून, आणि शौचाला बसावयाचे तेही उकिडवेच! गरीब माणूस असा पाय घरी नेई आणि कोपऱ्यात टेकवून पुन्हा कुबड्या घेई. जयपूरच्या सवाई मानसिंह रुग्णालयातील शल्यचिकित्सक डॉ. प्रमोद करण सेठी आणि रामचंद्र शर्मा यांनी १९६० नंतरच्या दशकात या अडचणीवर तोड काढली. शर्मा हे हस्तकलेत निष्णात असलेले कारागीर होते. शाळेचे शिक्षण त्यांना थोडेच झाले होते. त्यांनी रबराचा असा पाय घडवला, जो सर्व बाजूंस वाकतो, भिजला तरी बिघडत नाही, दिसावयास पायासारखाच दिसतो, आणि स्वस्तही पडतो. तो घालून माणूस शेतात नांगर धरू लागला, झाडावर चढू लागला. डॉ. सेठी यांना १९८१ साली मॅगसेसे पुरस्कार मिळाला. रामचंद्र शर्मांचे नाव मात्र फार थोड्यांना ठाऊक आहे; ते तुम्ही लक्षात ठेवा.

पुन्हा आपल्या गल्लीत येऊ. तेथे केवळ अडथळेच आहेत, असे समजू नका. ज्या दाटीमुळे खुर्ची अडते, त्याच दाटीमुळे हाक मारताच चार दारे उघडतात. एखाद्या अंध गृहस्थाला ही गल्ली पाठ असते: बेकरीचा वास आला की डावीकडे, यंत्राची खडखड ऐकू आली की चार पावले पुढे. त्याची तक्रार एवढीच, की लोक सामान रोज नव्या जागी ठेवतात. गल्लीने सामान एकाच बाजूस ठेवण्याचे ठरवले, तर त्याची वाट मोकळी होते, आणि खुर्चीचीही. फुटलेली फरशी बदलणे हे तासाभराचे काम आहे. जी मंडळी एका रात्रीत गणपतीचा मंडप उभा करतात, त्यांना ते जड जाऊ नये. पोटमाळ्याचा प्रश्न मात्र असा सुटणार नाही. तेथे खालच्या आणि वरच्या बिऱ्हाडांनी जागा बदलाव्या लागतील, किंवा नव्या इमारतीत तळमजला मागावा लागेल. आणि वरचा मजला मिळालाच, तर उद्‌वाहन बंद पडल्यावर ते दुरुस्त कोण करणार, हे आधीच विचारून ठेवावे लागेल.

गल्लीतील दोन मोठ्या मुलांनी ठरवले, की आपण हिला रोज उचलून शाळेत नेऊ. त्यांचा हेतू चांगला होता, आणि काही दिवस ती शाळेत गेलीही. पण उचलून नेणे आणि स्वतः जाणे यांत अंतर आहे. मुलांची परीक्षा आली, की ती घरी. एखादा आजारी पडला, की ती घरी. शिवाय बाईंच्या असे लक्षात आले, की ही मुलगी डबा खाते, पण पाणी कधी पीत नाही. उन्हाळ्यात तिचे ओठ सुकून जात. एके दिवशी त्यांनी तिला जवळ बसवून विचारले. पुष्कळ वेळाने ती हळूच म्हणाली, "बाई, शाळेच्या शौचालयात माझी खुर्ची जात नाही. मला उचलून नेणारे मुलगे आहेत. त्यांना मी कसे सांगू? म्हणून मी सकाळपासूनच पाणी पीत नाही."

इतके दिवस सर्वांनी तिच्यासाठी पुष्कळ केले होते. तिला काय हवे, हे मात्र कोणी विचारले नव्हते. तिला हवे होते ते फार नव्हते. शौचालयाचे दार तीन फूट रुंद असावे आणि ते बाहेरच्या बाजूस उघडावे, म्हणजे आत खुर्ची वळते. बसण्यास उंच आसन असावे आणि भिंतीला एक पक्की लोखंडी दांडी असावी, म्हणजे तिला धरून स्वतःच्या हातांच्या बळावर सरकता येते. वर्ग तळमजल्यावर भरावा. दाराशी तीन पायऱ्यांच्या कडेने अठरा फुटांचा उतार असावा. एवढे झाले, की दुसऱ्या दिवशी ती पुस्तकांबरोबर दप्तरात पाण्याची बाटलीही ठेवील.